आणि पार्टी

अणदूर, ता. तुळजापूर
६ जानेवारी २०२५

ती. उत्तरेश्वर आजोबांना,
शिवकन्येचा नमस्कार.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तुमची हलगी एवढी लांब का गेली? पहिल्या बाजूला ती अगदी कानाशी आहे. दुसऱ्या बाजूला ती शेजारच्या गावातून आल्यासारखी येते, आणि संबळाच्या जराशी मागून पडते. मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा ऐकल्या. मला उत्तर देता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी वैजनाथ संबळवाल्यांची नात. तुम्ही अणदूरला होता तेव्हा तुमच्या हलगीचं टिपरू पळवायची, तीच. भूमला तुमच्या लेकीकडं फोन केला होता. फोनवर तुम्हाला आता काहीच ऐकू येत नाही असं बानूआत्या म्हणाल्या, पण वाचता नीट येतं असंही म्हणाल्या. म्हणून पत्र.

बी.ए. झाले. आमच्या घरात इतकं शिकलेली मीच पहिली, त्यामुळे घरात कुठलाही कागद आला की तो माझ्याच हातात येतो. तुळजापूरला एका सेवा केंद्रात दिवसभर लोकांचे दाखले काढते. संध्याकाळी बसमध्ये डोळे मिटतात, पण कानात वायर घालून तुम्हा चौघांना ऐकते. शरणबसप्पांची सनई, तिला साथ धरणारा धोंडप्पांचा सूर, आजोबांचा संबळ, तुमची हलगी.

मुरूमच्या शरणबसप्पांचे चिरंजीव अमरनाथ अण्णा आता ती कॅसेट इंटरनेटवर टाकणार आहेत. मला त्यांनीच ती फोनवर पाठवली. मार्चअखेर मुरूमला कार्यक्रमही ठेवलाय. सोबतचा मजकूर मी लिहायचा आणि कार्यक्रमाचं सूत्रसंचालनही मीच करायचं. आजवर कव्हरवर शरणबसप्पांचा फोटो आणि खाली ‘शरणबसप्पा आणि पार्टी’ एवढंच होतं. तुम्ही आणि आजोबा दोघंही त्या ‘आणि पार्टी’त. या वेळी चारही नावं छापायची असं मी अमरनाथ अण्णांकडून कबूल करून घेतलं आहे. आजोबा गेले तेव्हा त्यांचं नाव फक्त दहाव्याच्या पत्रिकेत छापलं गेलं. ते एकदा तरी संबळाशेजारी छापलेलं मला बघायचं आहे.

मला वाटतं, हलगी लांब ठेवणं ही तुमचीच कल्पना असणार. उमरग्याच्या हलगी स्पर्धेत मुलं आता मुद्दाम तशी मागून वाजवतात, परीक्षक त्याला मान डोलावतात. कुठून सुचलं ते तुम्ही सांगा. मी तुमच्याच शब्दांत लिहीन.

आपली,
शिवकन्या


भूम
१९ जानेवारी

चि. शिवकन्या हिस,
उत्तरेश्वरचा आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. अक्षर वैजापेक्षा बरं हाय. त्याचं अक्षर म्हंजी कोंबडी चिखलातून गेल्यावानी. माझं बी काय लई नीट न्हाय, रात्रीच्या वर्गात शिकलेलं हाय. समजून घे.

पोरी, मशीनची गोष्ट मला काय ठाव? लांब गेली आसल तर गेली. आमी वाजवलं, त्यांनी भरलं, एस्टीनं घरी आलो. त्याला लई वरसं झाली.

कान गेले ते हलगीनंच गेले. जिच्यासंगं जलम काढला तिनंच बहिरं केलं. आता बानू वरडती तवा तिचं तोंड बघून समजून घेतो, जावई वरडतो तवा समजून बी घेत न्हाय.

नाव छापायचं म्हणतीस. वैजाचं छाप. लई गोड हात हुता. माझं न्हाय छापलं तरी चालंल. त्या ‘आणि पार्टी’त आमी झाकून हुतो, तेच बरं हुतं.

उमरग्याची पोरं मागून वाजवत्यात ह्ये बानूला सांगितलं. ती हसली. मला बी जरा हसू आलं.

उत्तरेश्वर


अणदूर
२८ जानेवारी

ती. उत्तरेश्वर आजोबांना नमस्कार.

तुम्ही नाही सांगितलं तरी मला उत्तर मिळालं! रविवारी मुरूमला जाऊन धोंडप्पांना भेटले. ते आता बाजेवरून उठत नाहीत, पण सनईचं नाव काढलं की डोळे उघडतात. अर्धं कानडीत, अर्धं मराठीत सांगत होते. म्हणाले, “अगं, उत्तऱ्या जिन्यात बसला होता. हलगी लई मोठी वाजती म्हणून रेकॉर्डिंगवाल्यानं बाहेर बसवलं.”

एवढं साधं कारण! आणि तुम्ही ते सांगायलाही संकोचलात. आजोबा, यात लपवण्यासारखं काय आहे? उलट मला तर हे फार मोठं वाटलं. बाहेर जिन्यात बसून, सनई नीट ऐकू येत नसताना तुम्ही अख्खी बाजू वाजवलीत आणि त्यातून एक नवी चाल तयार झाली. हे लोकांना कळायला हवं.

मी अमरनाथ अण्णांना सांगितलं. तेही खूश झाले. नऊ तारखेला आम्ही दोघं भूमला येतो. अण्णा शाल-नारळ घेऊन येणार आहेत. मी छोटा स्पीकर आणते. तुम्हाला ऐकू येणार नाही हे मला माहीत आहे, पण तुमच्यासमोर एकदा ती कॅसेट वाजावी असं वाटतं. बानूआत्यांना त्रास करून घेऊ नका म्हणावं. आम्ही चहा घेऊन लगेच निघू.

शिवकन्या


अणदूर
१४ फेब्रुवारी

ती. उत्तरेश्वर आजोबांना,

नऊ तारखेपासून मी हे पत्र रोज मनात लिहिते आहे. काय चुकलं ते मला नीट कळलेलं नाही, पण चुकलं हे कळलं.

आल्याआल्या तुम्ही किती आनंदात होता. स्पीकर बाजेवर नको, लाकडी पाटावर ठेव म्हणालात, आणि पाटावर तळवा टेकून बसलात. पहिली बाजू सुरू झाली तशी तुमची बोटं हलायला लागली. “ह्यो वैजा,” म्हणालात. “आलं बघ हाताला.” मला रडू आलं होतं, म्हणून मी चुलीकडं बघत बसले.

मग चहा आला. अमरनाथ अण्णा कप उचलून म्हणाले, “आपण असलं काही मानत नाही बरं का. कुणाच्याही घरी चहा घेतो.” त्यांना वाटलं ते चांगलंच बोलले. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं, पण तुम्ही त्यांच्या तोंडाकडं बघत होता. त्यानंतर दुसरी बाजू सुरू झाली तेव्हा तुम्ही हात उचलून घेतलात आणि म्हणालात, “बंद कर. जावा आता, गाडी चुकंल.” शाल घडीसकट परत दिलीत.

परतीच्या बसमध्ये अण्णा म्हणाले, म्हातारा माणूस, दमला असेल. मजकुराचं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. हलगी लांब ठेवायची कल्पना शरणबसप्पांची होती, त्यांच्या कानाला ते आधीच ऐकू आलं होतं, असं मी लिहायचं. तसं लिहिलं तर चारही नावं छापतील, तीही मोठ्या अक्षरात. मी म्हटलं, पण असं नव्हतं ना? ते म्हणाले, “कुणाला बाहेर बसवलं असं लिहिलं की लोक उगाच भलता अर्थ काढतात. दिवस असे आहेत.”

मी त्यांना हो म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही. घरी बाबांनी आजोबांचं नाव छापून येणार म्हणून शेजारी सांगूनसुद्धा टाकलं आहे.

मी काय लिहू? आणि तुम्ही हात का उचललात?

शिवकन्या


भूम
२४ फेब्रुवारी

चि. शिवकन्या हिस,

तू रडली ती म्या बघितलं. कान गेल्यावर डोळे लई चालत्यात.

अमरनाथनं चहा प्याला, आन सांगून प्याला. न सांगता प्याला आसता तर शाल घेतली आसती. तेवढंच.

आता तू इचारलंच हाय तर सांगतो. एकदाच सांगतो, परत इचारू नगं.

सोलापूरला एका घराच्या माडीवर ती खोली हुती. भिंतीला गाद्या लावलेल्या. म्या खाली गल्लीत कागद पेटवून हलगी शेकली, ताणून घेतली आन वर आलो. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, आवाज मोठा हाय. म्या डोईचं उपरणं काढून हलगीच्या पाठीला बांधलं. मग बरुबर झालं. पयली बाजू तशीच भरली. चौघं बी खोलीत. वैजा माझ्या म्होरं. त्याची मान बघून म्या वाजवायचो, माझं टिपरू बघून तो वाजवायचा. तसा दिस परत आला न्हाय.

दुपारी मुरूमहून आणलेली शिदोरी सोडली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. गावात वाजवायला गेलो की म्या लांब बसायचो, मला पानावर वरून वाढायचे. मातंगाच्या माणसानं तसंच बसायचं, त्यात इचारायचं काय. पर खोली लहान. बाहीर सोलापूर शेर. मला वाटलं, हितं कोण बघतंय? म्या बी त्यांच्यात बसलो आन हातानं भाकरी उचलली. त्याच दुरडीतली.

शरणबसप्पा मालक वाईट माणूस न्हवता. त्यांचा हात नुसता थांबला. “पोट भरलं,” म्हणाले आन उठले. धोंडप्पा खाली बघून चावत ऱ्हायला. वैजानं मालकाच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग पाणी प्यायला म्हणून बाहीर गेला.

दुसऱ्या बाजूला बसायच्या टायमाला रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “हलगी मोठी वाजती, तुम्ही जिन्यात बसा.” म्या उपरणं दावलं. तो म्हणाला, “तरी बसा.” बसलो. दार लोटून घेतलं.

जिना लाकडी हुता. सनई जरा जरा यायची, पर संबळाचा खर्ज फळीतून बुडाखाली यायचा. फळी हालली की म्या टिपरू टाकायचो. फळीवरनं कळायचं, मग हात हालायचा, म्हणून मागं पडायचो. ती तुमची मागून येणारी हलगी. बसायला जागा मिळाली न्हाय, त्याची फॅशन झाली.

सांजच्याला रेकॉर्डिंगवाला खाली भेटला. त्याला काय वाटलं कुणाला ठाव, सवताहून म्हणाला, “मला काही अडचण नव्हती हो. तुमच्या संबळवाल्यानंच येऊन सांगितलं.”

व्हय. तुझ्या आज्यानं.

त्याला कुणी सांगितलं न्हवतं. कुणी सांगायच्या आत त्यानं केलं. परत येताना एस्टीत तो माझ्या शेजारी बसला आन नळदुर्ग यायच्या आत माझ्याच खांद्यावर झोपला. म्या खांदा हालवला न्हाय.

त्यानंतर बी लई वरसं आमी संगं वाजवलं. म्या कधी इचारलं न्हाय. त्यानं सांगितलं न्हाय. संबळालाबी कातडंच असतंय पोरी, पर त्यो देवीच्या दारात चालतो आन हलगी दाराबाहीर. त्याला आमी दोघं बी काय करणार हुतो? राग धरायला ताकद लागती. वाजवून वाजवून ती उरायची न्हाय.

दुसरी बाजू मला ऐकायला लागत न्हाय. ती म्या बुडाखालनं ऐकलेली हाय. म्हणून हात उचलला.

अमरनाथ म्हणतो तसं लिव्ह. वैजाचं नाव लागू दे. मला थकवा आलाय.

उत्तरेश्वर


अणदूर
५ मार्च

ती. उत्तरेश्वर आजोबांना,

तुमचं पत्र मी केंद्रातच वाचलं. समोर रांग होती. एका बाईचा दाखला मी दोनदा चुकवला.

लहानपणापासून मला घरात सांगितलं होतं की आजोबा आणि तुम्ही भावासारखे. मी कॉलेजात त्यावर भाषण केलं होतं. बक्षीसही मिळालं होतं. समतेचा संदेश देणारा ताफा, असं मी म्हटलं होतं.

रात्री बाबांसमोर पत्र ठेवलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, “मग काय करायला हवं होतं त्यांनी? मालक रागावून निघून गेले असते तर ताफा मोडला असता. त्या ताफ्यावरच घर चाललं. त्याच्यावरच तू शिकलीस.”

मला या वाक्याचं काय करायचं ते कळत नाही. मी रागावून म्हटलं, मग माझी पदवी पण त्या जिन्यावरूनच आली म्हणायची. बाबा म्हणाले, “म्हण. पण शेजारी जाऊन म्हणू नको.” आणि हात धुवायला उठले.

तुम्ही म्हणता अमरनाथ अण्णा म्हणतात तसं लिही. मला ते जमणार नाही. सगळं लिहावं असं वाटतं. दुरडी, भाकरी, आजोबा बाहेर गेले ते, सगळं. कार्यक्रमात स्टेजवर उभं राहून वाचावं. तुम्ही शेजारी बसलेले असावेत आणि लोकांनी माना खाली घालाव्यात. पण ही गोष्ट तुमची आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी तिला हात लावणार नाही. खोटं मात्र लिहिणार नाही. मग आजोबांचं नाव गेलं तरी चालेल.

चालेल असं लिहिलं खरं. चालणार नाही आहे. तरी.

शिवकन्या


भूम
१३ मार्च

चि. शिवकन्या हिस,

तुला शिकवलं ते बरं केलं का वाईट, मला कळंना. बानू म्हणती बरं केलं.

समदं लिव्हू नगं. मेलेल्या माणसाला स्टेजवर उभा करून मारू नगं. त्याला जबाब देता येणार न्हाय. आन माझी कीव बी करू नगं. लोक मान खाली घालत्यात, टाळ्या वाजवत्यात, आन वर बघून जेवायला जात्यात. म्या स्टेजवर येणार न्हाय. माझे गुडघे बी नगं म्हणत्यात.

पर खोटं बी लिव्हू नगं म्हणतीस, ते बी खरं हाय. म्या चार दिस पाटावर बसून इचार केला.

कोण कुठं बसला हुता तेवढं लिव्ह. का बसला ते लिव्हू नगं. जो हलगी वाजवतो त्याला कळंल. ज्याला कळत न्हाय त्यानं इचारावं. इचारलं तर लोकांनी एकमेकाला सांगावं. तुझं काम तेवढंच.

तुझ्या बापाशी भांडू नगं. त्याच्या बारशाला म्या वाजवलंय. घरात वाजवलं हुतं, दारात न्हाय. त्या दिशी वैजानंच आत बोलवलं. ते सोलापूरच्या मागचं का म्होरचं, ते मला आठवना. आठवायचं बी न्हाय.

उत्तरेश्वर


अणदूर
२९ मार्च २०२५

ती. उत्तरेश्वर आजोबांना,
शिवकन्येचा नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं लिहिलं. चार ओळी झाल्या. त्या घेऊन सोमवारी मुरूमला अमरनाथ अण्णांच्या दुकानात गेले. ते गिऱ्हाईक सोडून आले, वाचलं आणि हसून म्हणाले, “हे काय, पंगतीचा हिशोब आहे का? सनई, सूर, संबळ, हलगी, चारी नावं राहू दे. तेवढा ‘जिन्यात’ शब्द काढ.”

मी म्हटलं, तो शब्द खोटा आहे का?

ते म्हणाले, “खोटा नाही गं. पण लोक विचारतील.”

मी म्हटलं, विचारू द्या.

मग ते शांतपणे बोलले. ते वाईट माणूस नाहीत, तुम्ही त्यांच्या वडिलांबद्दल लिहिलंत तसंच. म्हणाले, “आमच्या आप्पांनी तर कुणाला बाहेर काढलं नव्हतं. तुला एका शब्दासाठी तुझ्या आजोबांचं नाव घालवायचंय का? नीट विचार कर. माझ्याकडून जायचं तर तो शब्द नसेल. नाहीतर जुनं कव्हर आहे तसंच टाकतो.”

मी कागद परत घेतला. नमस्कार केला. त्यांनी चहा विचारला, मी घेतला. काही न बोलता घेतला.

बुधवारी त्यांनी कॅसेट टाकली. शरणबसप्पा आणि पार्टी. फोटो तोच, फेटा तोच. तिला पुष्कळ लोक ऐकत आहेत. कार्यक्रमही होईल, सूत्रसंचालन दुसरं कुणीतरी करेल. बाबांनी शेजारी जाऊन सांगितलं की नाव यायचं राहिलं. काय कारण सांगितलं ते मी विचारलं नाही. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलतात.

आमच्या घरी आजोबांची स्वतःची कॅसेट होती. सोलापूरच्या रेकॉर्डिंगवाल्यानं चौघांना एकेक दिली होती. तुमची कुठं गेली कुणास ठाऊक. आमची आजोबांच्या संबळाच्या पिशवीत होती. केंद्रातल्या कॉम्प्युटरवर ती उतरवून घेतली. दुसऱ्या बाजूला मध्येच फीत थोडी चुरगळली आहे, तिथं सनई थरथरते. संबळ आणि हलगी मात्र थरथरत नाहीत.

आजोबांना वाजवता सगळं येत होतं, मनातलं सांगता येत नव्हतं, असं मी आधी लिहिणार होते. खोडलं. मला त्यांच्याबद्दल जे माहीत आहे ते तेवढंच आहे, ते कुठं बसले होते ते. बाकी मी अजून शोधते आहे आणि थकते आहे. तुमच्यासारखं शांतपणे थकता येत नाही, मला त्यातही घाई होते.

रात्री जेवताना बाबांनी एकच विचारलं, “तू टाकलंस त्यात त्यांचं नाव आहे ना?” मी हो म्हटलं. “आणि उत्तरेश्वरकाकांचं?” मी तेही हो म्हटलं. “कुठल्या क्रमानं?” मी म्हटलं, वाद्यांच्या. त्यांनी भाकरी मोडली.

मी टाकलेलं आत्तापर्यंत अकरा माणसांनी ऐकलं. त्यातला एक उमरग्याचा हलगीवाला आहे. त्यानं खाली लिहिलं आहे, ‘जिन्यात का?’ त्याच्याच खाली कुणीतरी लिहिलं आहे, ‘तुला माहीत नाही होय?’ पुढं दोघांचं काय बोलणं झालं ते मला दिसत नाही.

हे पत्र तुमची परवानगी मागायला लिहिलेलं नाही, आजोबा. ती तुम्ही दिलीतच आहे. ‘आणि पार्टी’ हे दोन शब्द मी काढले आणि परवा दुपारी, केंद्रात कुणी नसताना, स्वतःच्या नावानं दोन्ही बाजू टाकल्या. खाली एवढंच लिहिलं आहे :

सनई : शरणबसप्पा, मुरूम. खोलीत.
सूर : धोंडप्पा, मुरूम. खोलीत.
संबळ : वैजनाथ, अणदूर. खोलीत.
हलगी : उत्तरेश्वर, अणदूर. पहिली बाजू खोलीत, दुसरी बाजू जिन्यात.

आपली,
शिवकन्या